आमटीत मीठ तिघांनी घातले तर? बास गिटार, पेडल आणि अ‍ॅम्पची बटणे लावताना



गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली की सीफमधल्या आपल्या घरांतून पेटी, ढोलकी आणि गाण्याचे आवाज येऊ लागतात. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका वाद्याची भर पडली आहे, ते म्हणजे बास गिटार. आमच्या घरीही एक आहे. चिरंजीव नववीत आहेत आणि अभ्यासापेक्षा बासवर त्यांचे प्रेम जास्त आहे! हा लेख त्यांच्यामुळेच लिहावा लागला.

झाले असे, की मागच्या वर्षी कार्यक्रमात त्याला पहिल्यांदा साथीला बसवले. महिनाभर घरी तयारी केली, घरी आवाज अगदी भरदार वाटायचा. प्रत्यक्ष हॉलमध्ये मात्र पहिल्याच गाण्यात नुसता 'घूंऽऽ' असा आवाज भरून राहिला. सूर कुठला ते कळेना, गाणाऱ्या काकूंना स्वतःचा आवाज ऐकू येईना. मागून कोणीतरी "अरे, तो बास कमी करा!" असे ओरडले आणि साउंडवाल्याने तो जवळजवळ बंदच केला. पुढची सगळी गाणी मुलगा वाजवत होता, पण ऐकू कोणालाच येत नव्हता. घरी आल्यावर त्याने गिटार पिशवीत घातली आणि म्हणाला, "बाबा, मी तिथे नसतो तरी चाललं असतं." पुढचे दोन महिने ती पिशवी उघडली नाही.

पेशाने मी इंजिनिअर, वादक नाही. पण पोरगा चुकीचे वाजवत नव्हता हे मला दिसत होते. मग चूक कुठे होती? शोधायला बसलो तेव्हा कळले की चूक बोटांत नव्हती, बटणांत होती. आपल्यातल्या आणखी काही घरांत मुले बास शिकत आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी थोडी ओळख

बास गिटार म्हणजे आपल्या भाषेत खर्जाचे वाद्य. चार तारांच्या बासची सर्वात जाड तार (वादक तिला 'ई' म्हणतात) मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, म्हणजे ४१ हर्ट्झ. पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, त्यावरून हे वाद्य किती खाली बोलते याची कल्पना यावी.

आज ओळखीचे असलेले हे रूप लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला तेव्हापासून रुळले. त्यावर आवाजाचे एक आणि टोनचे एक, अशी दोनच बटणे होती. १९७६ साली म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे आला. त्याच्या आत बॅटरीवर चालणारे छोटे सर्किट होते आणि खालचे-वरचे सूर गिटारवरच वाढवता येत होते. आज बाजारात दोन्ही प्रकार मिळतात. बॅटरी नसलेल्याला पॅसिव्ह आणि बॅटरीवाल्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. पॅसिव्ह गिटारचे टोनचे बटण काहीही वाढवत नाही, ते फक्त वरचे सूर कापते. म्हणून ते पूर्ण उघडे असले म्हणजे 'काहीच केलेले नाही' अशी स्थिती. अ‍ॅक्टिव्ह गिटारवर मात्र बटण बहुधा मध्यावर अडकते. ती त्याची काहीच न करण्याची जागा, आणि तिथून एका बाजूला वाढते, दुसऱ्या बाजूला कमी होते. (वायर लावून ठेवली की अ‍ॅक्टिव्ह गिटारची बॅटरी उतरत राहते. वाजवून झाले की वायर काढावी.)

घरी छान, हॉलमध्ये घोटाळा: असे का?

आमच्या घरच्या मांडणीत बटणे तीन ठिकाणी होती: गिटारवर, पायाशी ठेवलेल्या इक्वलायझर पेडलवर आणि अ‍ॅम्पवर. चिरंजीवांनी तिन्हीकडे बास वाढवला होता आणि मधले सूर खाली ओढले होते. पेडलच्या पट्ट्या हसऱ्या चेहऱ्यासारख्या दिसत होत्या, दोन्ही टोके वर आणि मध्य खाली! घरी ते कानाला गोड लागायचे. यामागे चार कारणे निघाली.

पहिले कारण आपल्या कानाचे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असतो तेव्हा आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात आणि आवाज मोठा केला की ते मधल्या सुरांच्या जवळ येतात. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण हळू वाजवतो. हळू असल्यामुळे बास कमी वाटतो, म्हणून बटणाने वाढवतो. तीच बटणे तशीच ठेवून हॉलमध्ये आवाज मोठा केला की तो वाढवलेला बास अंगावर येतो.

दुसरे कारण खोलीचे. समुद्रात भर टाकून केलेल्या सीफच्या जमिनीवर उभ्या असलेल्या टॉवरमधल्या आपल्या खोल्या म्हणजे काँक्रीटच्या भिंती, खाली फरशी आणि मोठ्या काचा. आता गणित पाहा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल, तर आवाजाचा वेग (सेकंदाला सुमारे ३४३ मीटर) भागिले त्या अंतराची दुप्पट, म्हणजे ८ मीटर. उत्तर येते सुमारे ४३ हर्ट्झ. त्या सुराला ती खोली स्वतःच घुमू लागते, आणि आपली जाड तार आहे ४१ ची! अंतर ३.५ मीटर असेल तर हाच आकडा ४९ होतो, म्हणजे त्याच तारेवरचा तिसऱ्या पडद्याचा सूर. गंमत अशी की हा सूर भिंतीजवळ फार मोठा आणि खोलीच्या मधोमध फार बारीक ऐकू येतो. आमचा वादक उभा राहायचा खोलीच्या मधोमध. त्याला बास ऐकू यायचा नाही, तो वाढवायचा आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची बेल वाजायची!

तिसरे कारण सर्वात मोठे, ते म्हणजे बेरीज. स्वयंपाकघरात आईने आमटीत मीठ घातले, मग आजीने "घातलं का गं?" न विचारता घातले आणि वाढताना बाबांनीही चिमूटभर टाकले, तर काय होईल? प्रत्येकाने बेतानेच घातले, पण आमटी खारट. इथेही तसेच होते. गिटारवर ६ डेसिबल, पेडलवर ६ आणि अ‍ॅम्पवर ६ अशी एकाच पट्ट्यातल्या सुरांची वाढ केली तर एकूण १८ डेसिबल होतात. ६ डेसिबल म्हणजे सुमारे चौपट शक्ती. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ पट! सपाट मांडणीत जे सूर ५ वॅटमध्ये भागत होते त्यांना आता ३२० वॅट हवेत. अ‍ॅम्प १०० वॅटचा असेल तर तो बिचारा कुठून देणार? मग तो फाटका आवाज काढतो, स्पीकर धापा टाकतो आणि बाकीच्या सुरांना शक्तीच उरत नाही.

चौथे कारण: आपण जे कापले तेच खरे तर ऐकू येणारे सूर होते. तार ४१ वर छेडली तरी तिच्यातून ८२, १२३, १६४ असे पटीतले सूरही निघतात. मूळ सूर नीट ऐकू आला नाही तरी या पटींवरून आपला मेंदू तो ओळखतो. पूर्वी घराघरांत असलेला छोटा ट्रान्झिस्टर आठवा. त्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणे शक्यच नव्हते. तरीही पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बास आपल्याला चालीसकट कळत होता. तो याच वरच्या पटींमुळे. मधले सूर कापले की बासची ओळखच पुसली जाते आणि मागे फक्त घुमणे उरते.

कुठल्या पट्ट्यात काय असते?

हे ढोबळ आहे, वाद्यागणिक थोडे इकडे तिकडे होईल:

• ४० ते ८० हर्ट्झ: पाया. कानापेक्षा छातीला जाणवतो. जास्त झाला की अ‍ॅम्प दमतो.
• ८० ते २०० हर्ट्झ: वजन, भरदारपणा. डग्ग्याचा आणि ढोलकीच्या खालच्या बाजूचा घुमारा याच शेजारात राहतो.
• २०० ते ४०० हर्ट्झ: गढूळपणा इथे जमतो. पेटी आणि पुरुषांचा आवाज इथे असल्याने गर्दी फार.
• ५०० ते १००० हर्ट्झ: सूर कुठला हे इथे कळते. गर्दीतून वर येण्याची जागा.
• १५०० ते ३००० हर्ट्झ: बोटाचा आघात, ताल स्पष्ट होतो.
• ४००० च्या वर: तारेवर बोट घासल्याचा आवाज आणि सूंऽ अशी खरखर.

आपल्या वाद्यमेळ्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. पाश्चात्य बँडमध्ये बाससमोर ड्रम आणि गिटार असतात. आपल्याकडे डग्गा, ढोलकी आणि पेटी असतात, म्हणजे खालच्या घरात आधीच पाहुणे आहेत. तिथे आणखी ढकलाढकली करण्यापेक्षा ५०० ते १००० मध्ये थोडी जागा घेतलेली बरी.

तीन बटणे, तीन कामे

यातून एक नियम हाती आला आणि आमच्या घरी तो आता कागदावर लिहून अ‍ॅम्पला चिकटवला आहे: अ‍ॅम्प खोलीसाठी, पेडल मेळासाठी, गिटार गाण्यासाठी. एक काम एकानेच करायचे. मीठ घालायचे काम एकट्या आईकडे, बाकीच्यांनी डब्याला हात लावायचा नाही!

पायरी १: सगळे सपाट. पेडल बंद करा. पॅसिव्ह गिटारचे टोन पूर्ण उघडा, अ‍ॅक्टिव्ह असेल तर मध्यावर. अ‍ॅम्पची बटणे बहुतेक ठिकाणी घड्याळातल्या बाराच्या स्थितीत सपाट असतात. मात्र जुन्या फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये सगळी बटणे मध्यावर ठेवली तरी मधले सूर खड्ड्यात जातात. तिथे मिड पूर्ण आणि बास, ट्रेबल अगदी कमी ठेवले म्हणजे सपाटच्या जवळ येते. (वादक मंडळी सपाटला 'फ्लॅट' म्हणतात. आपल्या राहत्या फ्लॅटशी त्याचा संबंध नाही, पण भाडे दोन्हीकडे भरावे लागते!)

पायरी २: गेन. कार्यक्रमात जितक्या जोराने वाजवाल तितक्या जोराने वाजवा. अ‍ॅम्पवरचा लाल दिवा सर्वात जोरकस फटक्याला जेमतेम लुकलुकला की तिथून बटण थोडे मागे घ्या. पुढे कुठेही सूर वाढवले तर ही पायरी पुन्हा करायची.

पायरी ३: अ‍ॅम्प आणि खोली. जाड तारेवर मोकळ्या सुरापासून बाराव्या पडद्यापर्यंत एकेक सूर सारख्या जोराने वाजवा आणि दुसऱ्या कोणालातरी खोलीत फिरून ऐकायला सांगा. एखादाच सूर घुमत असेल तर तो दोष बटणाचा नाही, खोलीचा आहे. आधी अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून दूर घ्या, खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा. एवढ्यानेच बराच फरक पडतो. मग उरलेल्यासाठी अ‍ॅम्पचा बास थोडा कमी करा. कमी करा, वाढवू नका.

पायरी ४: पेडल आणि मेळ. आता सगळ्यांबरोबर वाजवा. एकट्याने वाजवताना सुंदर वाटणारा आवाज मेळात हरवू शकतो आणि एकट्याने थोडा रुक्ष वाटणारा आवाज मेळात चपखल बसतो, म्हणून हे काम एकट्याने करू नये. पेडल सुरू करून २०० ते ४०० च्या आसपासची पट्टी ३ डेसिबल खाली घ्या. तरीही सूर कळत नसेल तर ८०० च्या जवळची पट्टी २-३ डेसिबल वर. बस्स. बॉस कंपनीच्या जीईबी-७ सारख्या पेडलवर ५० पासून १०,००० हर्ट्झपर्यंत सात पट्ट्या असतात आणि प्रत्येक १५ डेसिबल वरखाली जाते. जाते म्हणून न्यायची नसते!

पेडलची एक फसवणूक ओळखायला हवी. पेडल सुरू केल्यावर आवाज मोठा झाला तर कानाला तो चांगलाच वाटतो, सूर सुधारलेला असो वा नसो. म्हणून लेव्हलची पट्टी अशी ठेवा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज तेवढाच राहील. मगच सुधारणा झाली का ते ठरवा.

एकापेक्षा जास्त पेडल असतील तर क्रमही पाहावा. इक्वलायझर कॉम्प्रेसरच्या आधी लावून बास वाढवला, तर कॉम्प्रेसर प्रत्येक खालच्या सुराला सगळाच आवाज दाबतो. फाटका आवाज देणाऱ्या पेडलच्या आधी लावला तर फाटण्याची जात बदलते, नंतर लावला तर फाटून झालेल्या आवाजाचा रंग बदलतो. सुरुवात करणाऱ्याने इक्वलायझर शेवटी ठेवावा, म्हणजे काय बदलले ते समजते.

पायरी ५: गिटार आणि गाणे. गिटारवरची बटणे बोटाजवळ असतात, म्हणून ती गाण्यागणिक बदलण्यासाठी मोकळी ठेवा. भावगीत असेल तर टोन थोडा बंद करून मऊ करा, बोटे मानेच्या बाजूला न्या. कोळीगीत किंवा लावणी असेल तर टोन उघडा, बोटे पुलाकडे न्या. खरे तर बोटांची जागा हाच सर्वात जुना आणि फुकटचा इक्वलायझर!

हॉलमध्ये गेल्यावर

हॉलमध्ये अ‍ॅम्पच्या मागून एक वायर साउंडवाल्याकडे जाते. बऱ्याच अ‍ॅम्पवर तिथे 'प्री' आणि 'पोस्ट' असे बटण असते. पोस्टवर असेल तर अ‍ॅम्पची बटणे फिरवली की हॉलमधला आवाजही बदलतो. प्रीवर ठेवले तर अ‍ॅम्प फक्त रंगमंचावर तुम्हाला ऐकू येण्यासाठी उरतो आणि हॉलचे साउंडवाले पाहतात. प्री ठेवा. नाहीतर आमटीत मीठ घालणारा चौथा माणूस आलाच म्हणून समजा. वायर लावल्यावर गुंईऽ असा आवाज आला तर तिथलेच 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबून पाहावे.

दोन खास बहरीनच्या सूचना. इथे वीज २३० व्होल्टची आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ११०-१२० व्होल्टचा अ‍ॅम्प किंवा पेडलचा अ‍ॅडाप्टर आणला असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय लावू नका. आणि उन्हाळ्यात एसीच्या खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत वाद्य नेले की त्यावर दव धरते, बटणे कुरकुरू लागतात. पिशवीतच थोडा वेळ राहू द्यावे, मग उघडावे.

यंदा काय झाले?

यंदा तालमीच्या आधी आम्ही बाप-लेक कागद घेऊन बसलो. तिन्हीकडची बटणे सपाट केली. त्याला पहिल्यांदा आवाज अगदी फिका वाटला. "बाबा, हे काय, यात दमच नाही!" मी म्हटले, आधी सगळ्यांबरोबर वाजव, मग बोल. अ‍ॅम्प स्टुलावर चढवला, बास थोडा कमी केला, पेडलवर दोन पट्ट्या हलवल्या. तालमीत दुसरे गाणे संपल्यावर त्याच काकू वळून म्हणाल्या, "आज मला सूर धरायला सोपं गेलं रे." एवढेच. पण त्या रात्री गिटार पिशवीत गेली नाही, कोचावरच राहिली.

कार्यकारिणीला एक नम्र विनंती आहे. ध्वनिचाचणीच्या वेळी गायकांना आणि ढोलकीला वेळ दिला जातो, तशी बासलाही दहा मिनिटे द्यावीत, आणि ती सगळ्यांबरोबर वाजवून. मुले तालमीला येतात ती आपले कोणीतरी ऐकेल या आशेने. दोन-तीन बटणांपायी ती परत घरात बसू नयेत एवढेच वाटते.

आणि पालकांनो, घरी हळू वाजवताना बास कमी वाटला तरी बटण फिरवू नका, हेडफोन द्या, तोही बेताच्या आवाजात. कान एकदा गेले की परत मिळत नाहीत, आणि वरच्या मजल्यावरचे तान्हे बाळही झोपू शकेल!

जाणकारांनी चुका जरूर कळवाव्यात. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एका बासवाल्याचा बाबा, सीफ